भाड्याच्या घरात ड्रग्जचा अंश सापडला, तर डिपॉझिट कुणाचं?

मुंबईच्या पेपरात ही बातमी अधूनमधून असतेच. अमुक उपनगरात भाड्याच्या फ्लॅटवर छापा, इतके ग्रॅम एमडी (एक अंमली पावडर) जप्त, दोघे ताब्यात. बातमी तिथे संपते. त्या फ्लॅटचं पुढे काय होतं हे कुणी छापत नाही. मालक घाईघाईने रंग मारून घेतो, ब्रोकर नवं गिऱ्हाईक आणतो, आणि बघता बघता त्याच हॉलमध्ये दुसऱ्या कुणाचं तरी बाळ रांगू लागतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्या दिवसापासून चर्चा पेटते. घरमालक विचारतात, भाडेकरूने असलं काही केलं तर नुकसान कोण भरणार, आणि पोलिस मलाही धरतील का? भाडेकरू विचारतात, आधीच्या माणसाचं पाप माझ्या गळ्यात पडणार नाही कशावरून? अशात कुणाचा तरी परदेशातला भाचा कळवतो की तिकडे घर सोडताना भिंती पुसून लॅबमध्ये पाठवतात, आणि ड्रग्ज निघालं की भाडेकरूचे पैसे गेले. लगेच कुणीतरी लिहितं, ‘आपणही हा नियम करूया.’

अशी टेस्ट खरोखर असते. पण तिचा निकाल हातात आल्यावर लोक त्यातून जे काढतात, ते बरेचदा त्यात नसतंच. एका अख्ख्या देशाने ही चूक करून पाहिली आहे.

भिंतीवर ड्रग्ज येतं कुठून

परदेशात ही टेस्ट प्रामुख्याने मेथॅम्फेटामाइनसाठी होते. याला बोलण्यात मेथ किंवा आइस म्हणतात. हे स्फटिक तापवून त्यांची वाफ ओढली जाते. सगळी वाफ काही फुप्फुसात जात नाही. उरलेली खोलीत पसरते, गार होते आणि भिंत, छत, पंख्याची पाती, पडदे, एसीची जाळी, जिथे जागा मिळेल तिथे बसते.

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या टाइल्स आठवा. रोज फोडणी बसते, तेलाची वाफ उडते, आणि काही महिन्यांत टाइल्सवर, एक्झॉस्ट फॅनवर चिकट थर धरतो. घर रिकामं केलं तरी तो थर जात नाही. बोट फिरवलं की कळतं, इथे तळण झालं आहे. पण तळण कुणी केलं, गेल्या महिन्यात की चार वर्षांपूर्वी, रोज की फक्त दिवाळीला, हे त्या चिकटपणावरून कुणीही सांगू शकत नाही. मेथच्या अवशेषाचंही तसंच आहे.

मुंबईत पकडलं जाणारं एमडी, म्हणजे मेफेड्रोन, थोडं वेगळं पडतं. ती पावडर बहुतेक करून नाकाने ओढतात किंवा गिळतात. त्यामुळे वाफेचा थर बसण्यापेक्षा सांडलेली पूड टेबलावर, फरशीच्या फटीत, बाथरूमच्या कठड्यावर राहण्याची शक्यता जास्त. गांजाचा धूर भिंतीला वास आणि पिवळेपणा देतो. घरात उरलेल्या अंशावर जो काही गंभीर अभ्यास झाला आहे, तो जवळजवळ सगळा मेथवरचा. त्याचे आकडे उचलून एमडीला किंवा गांजाला लावणं शास्त्राला धरून नाही.

वापर आणि उत्पादन यांतला फरकही महत्त्वाचा आहे. घरात कुणी ड्रग्ज घेतलं, तर मागे राहतो तो सूक्ष्म अंश. घरात कुणी ड्रग्ज बनवलं, तर मागे राहतात ज्वालाग्राही द्रावकं, आम्लं, मोरीत ओतलेली रसायनं आणि त्यांची वाफ. ऑक्टोबर २०२३ मध्ये साकीनाका पोलिसांनी माग काढत नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना उघडकीला आणला. अशा जागेचा धोका आणि पार्टीत कुणी एक पुडी फोडली त्या फ्लॅटचा धोका एकाच मापाने मोजणं हाच पुढच्या गोंधळाचा उगम आहे.

टेस्ट होते कशी

तंत्रज्ञ हातमोजे घालतो. भिंतीवर दहा बाय दहा सेंटिमीटरची चौकट चिकटवतो, साधारण तळहाताएवढी. अल्कोहोलसारख्या द्रावकात भिजवलेली जाळीदार पट्टी त्या चौकटीत आधी आडवी, मग घडी बदलून उभी फिरवतो. पट्टी छोट्या बाटलीत जाते. बाटलीवर खोली, जागा, वेळ, सही. खोली बदलली की हातमोजे बदलायचे, नाहीतर हॉलचं बेडरूममध्ये जातं. बाटल्या लॅबमध्ये गेल्यावर यंत्र सांगतं, त्या चौकटीत किती मायक्रोग्रॅम पदार्थ निघाला. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक मायक्रोग्रॅम. आजची यंत्रं इतकी तिखट आहेत की डोळ्याला, नाकाला, जिभेला कशालाच न जाणवणारा अंश ती बिनचूक पकडतात.

ऑनलाइन मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या या यंत्राच्या जागी चालत नाहीत. त्या संशय दाखवतात. रचनेत सारखं असलेलं दुसरं एखादं औषधही त्यांना फसवू शकतं. पोलिसही छाप्याच्या जागी किटने प्राथमिक चाचणी करतात, पण नमुना पुढे कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जावाच लागतो. किटचा रंग हा पुरावा म्हणून पुरत नाही.

आणखी एक खोच आहे, आणि ती भाडेकरूंनी नीट समजून घ्यावी. खर्च वाचवायला कधीकधी पाच खोल्यांच्या पाच पट्ट्या एकाच बाटलीत टाकून एकच चाचणी करतात. समजा प्रत्येक खोलीत ०.४ मायक्रोग्रॅम आहे. बेरीज आली २. मर्यादा दीडची असेल, तर रिपोर्ट म्हणणार घर दूषित, आणि प्रत्यक्षात एकही खोली मर्यादेच्या जवळपास नाही. एकच आकडा दाखवला गेला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा कुठल्या खोलीचा?

न्यूझीलंडमध्ये काय घडलं

न्यूझीलंडच्या आरोग्य खात्याने २०१० मध्ये एक मार्गदर्शक आकडा दिला होता. शंभर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम. तो होता मेथ बनवण्याच्या जागा साफ केल्यानंतर त्या पुरेशा स्वच्छ झाल्या का, हे तपासायला. पण हळूहळू तो कुठल्याही घराला लागू होऊ लागला. टेस्ट करणाऱ्या आणि साफसफाई करणाऱ्या कंपन्यांचा धंदा उभा राहिला. २०१७ मध्ये अधिकृत मानक आलं आणि मर्यादा १.५ झाली.

तिथल्या सरकारी घरांची संस्था, हाउसिंग न्यूझीलंड, ‘अजिबात खपवून घेणार नाही’ अशा पवित्र्यात होती. मर्यादेवर आकडा आला की भाडेकरू बाहेर. काहींना साफसफाईची बिलं लावली, काहींना पुन्हा सरकारी घर मिळण्यापासून दूर ठेवलं. ही माणसं म्हणजे ज्यांना दुसरीकडे भाडं परवडत नाही अशी. अंश त्यांच्याच काळातला आहे का, हे बरेचदा कुणी तपासलंच नव्हतं.

मे २०१८ मध्ये पंतप्रधानांचे मुख्य विज्ञान सल्लागार सर पीटर ग्लुकमन यांचा अहवाल आला. त्यांनी म्हटलं की जिथे फक्त मेथ ओढलं गेलं आहे, अशा घरात राहून तिऱ्हाईत माणसाची तब्येत बिघडल्याचा पुरावा सापडत नाही. सावधगिरी ठेवूनही १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा पुरेशी आहे, म्हणजे मानकाच्या दहापट. आणि ३० च्या वरचा आकडा आला, तर तिथे उत्पादन झालं असावं अशी शंका घ्यायला जागा आहे. त्याच वर्षी हाउसिंग न्यूझीलंडने माफी मागितली आणि सुमारे ८०० भाडेकरूंना भरपाई देण्याची तयारी दाखवली.

खाजगी घरमालकांचं पुढे काय झालं, हेही बघण्यासारखं आहे. लवादासमोर त्यांना सिद्ध करावं लागे की अंश याच भाडेकरूच्या काळात आला. भाडेकरू येण्यापूर्वीचा रिपोर्ट नसेल तर दावा लटकायचा. उलट काही भाडेकरूंनीच मालकांवर दावे लावले की तुम्ही आम्हाला दूषित घर दिलं, भाडं परत करा. मालकांनी उगारलेली काठी त्यांच्याच पाठीत बसली. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर तिथे मालकाला टेस्टसाठी ४८ तास आधी नोटीस द्यावी लागते आणि निकाल सात दिवसांत भाडेकरूला कळवावा लागतो.

मग हे सगळं थोतांड आहे का

नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पूर्वी मेथ बनवलं गेलेल्या घरांत नकळत राहायला गेलेल्या काही कुटुंबांच्या तक्रारी नोंदवल्या आहेत: झोप न लागणं, श्वासाचा त्रास, मुलांच्या वागण्यात बदल. लहान मुलं जमिनीवर असतात, हात तोंडात घालतात, त्यामुळे तोच अंश त्यांच्या पोटात जास्त जातो. म्हणून उत्पादन झालेल्या जागेची तपासणी आणि शास्त्रशुद्ध सफाई झालीच पाहिजे. माझा आक्षेप एवढाच, की हा धोका दाखवून प्रत्येक टूबीएचकेची झडती घेऊ नये.

भारतात राहत्या घरातल्या ड्रग्जच्या अंशासाठी सरकारने ठरवून दिलेली मर्यादाच नाही. त्यामुळे करारात कुणी ‘टेस्ट पॉझिटिव्ह आली तर’ असं लिहिलं, तर किती आली तर, कुठल्या पदार्थाची, कुठल्या लॅबची, हे सगळं हवेत राहतं.

आपला कायदा काय विचारतो

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण ग्रुपवर त्यांची हमखास खिचडी होते. एक आहे गुन्हा. दुसरा आहे घराच्या नुकसानीचा दिवाणी हिशेब.

गुन्ह्यासाठी १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धचा, कायदा आहे. त्याच्या कलम २५ नुसार घराचा मालक, तिथे राहणारा, किंवा ज्याच्या ताब्यात वा वापरात घर आहे असा कुणीही, दुसऱ्याला तिथे या कायद्याखालचा गुन्हा जाणूनबुजून करू देत असेल, तर त्याला त्या मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होते. हे ऐकायला साधं वाटतं, पण एमडीच्या बाबतीत ५० ग्रॅमपेक्षा जास्त असलं की व्यावसायिक प्रमाण धरलं जातं आणि तिथे शिक्षा किमान दहा वर्षं. जामीनही सहजासहजी मिळत नाही. म्हणजे ‘मी फक्त खोली दिली होती’ ही पळवाट नव्हे.

या कलमाचा सगळा भार ‘जाणूनबुजून’ या अटीवर आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका ट्रकमालकाचं प्रकरण होतं. त्याच्या ट्रकमध्ये माल सापडला, तो स्वतः तिथे नव्हता, आणि खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. मालकाला माहिती होती हे दाखवणारी मूळ तथ्यं आधी सरकारी पक्षाने सिद्ध करायला हवीत, असा त्याचा रोख होता. घरमालकाने यातून धडा घ्यायचा तो असा: माहीत नसणं हा बचाव आहे, माहीत असून डोळेझाक करणं हा नाही. वॉचमन दोनदा सांगून गेला, शेजारच्या वहिनींनी फोन केला, आणि तुम्ही ‘भाडं वेळेवर येतंय ना’ म्हणून गप्प बसलात, तर तुमच्या अज्ञानावर कोण विश्वास ठेवणार?

भिंतीवरचा सूक्ष्म अंश या फौजदारी गणितात फारसा बसत नाही. पोलिस पदार्थ जप्त करतात, तोलतात, पंचनामा करतात. टाइल्सवर काही मायक्रोग्रॅम निघाले म्हणून भाडेकरूने गुन्हा केला, हे त्यावरून ठरत नाही.

दिवाणी बाजू जास्त रोजची आहे. मुंबईत बहुतेक फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर जातात. हा भाडेपट्टा नव्हे. यात राहणाऱ्याला फक्त वापराची परवानगी असते, आणि ही संकल्पना १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातून येते. पागडीची किंवा जुन्या भाडेकराराची खोली असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ लागतं. त्यात भाडेकरूने जागा घेतली तशा स्थितीत परत करायची असते, वापराने होणारी नेहमीची झीज सोडून. लायसन्समध्ये मात्र नुकसानीची भाषा तुमच्या करारात लिहिलेली असते, म्हणून तो वाचल्याशिवाय अंगठा टेकवू नये. ब्रोकर घरी बायोमेट्रिक मशीन घेऊन येतो आणि पाच मिनिटांत काम उरकतो, ती पाच मिनिटं खरं तर सगळ्यात महागडी असतात.

ज्याची चर्चा जवळजवळ होतच नाही, ते त्याच सुखाधिकार कायद्याचं कलम ५७. घरात राहणाऱ्याच्या जिवाला किंवा वस्तूंना धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर तो सांगणं मालकाला बंधनकारक आहे. भाडेपट्ट्यातही मालकावर असंच बंधन आहे. म्हणजे फ्लॅटमध्ये रसायनं शिजवताना माणसं पकडली गेली आणि मालकाने रंग मारून, काही न बोलता घर पुढे दिलं, तर जबाबदारीचा काटा त्याच्याकडे झुकतो. परदेशातली टेस्ट मागवणाऱ्या ग्रुपमधल्या मालकांना हे कलम कुणीतरी पाठवायला हवं.

डिपॉझिट कापता येतं का

समजा गोरेगावला पन्नास हजार भाडं आणि दोन लाख डिपॉझिट आहे. करारात ओळ आहे: ‘जागेत कुठल्याही अंमली पदार्थाचा अंश आढळल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त.’ ओळ भारी दिसते. पण भारतीय करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात रक्कम लिहिली असली, तरी करार मोडल्याबद्दल मिळते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. सरसकट दंड नाही. एसीची खोल सफाई, गादी टाकून देणं, दोन खोल्यांच्या भिंती धुऊन पुन्हा रंग, याची बिलं दाखवली आणि ते भाडेकरूच्या वागण्यामुळे झालं हे दाखवता आलं, तर तेवढे पैसे मागता येतील. ‘घराची बदनामी झाली’ या नावाखाली दोन लाख गिळता येतीलच असं नाही.

‘या भाडेकरूमुळे’ हे दाखवण्यासाठी ताबा देतानाची स्थिती माहीत हवी. इथे लॅबपेक्षा चावीच्या दिवशीची अर्धा तासाची फेरी जास्त कामाची आहे. मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून फिरायचं. मोबाइलवर सलग व्हिडिओ. एसीचं झाकण उघडून जाळी, एक्झॉस्ट फॅन, कपाटाच्या वरचा कोपरा, बाथरूमचा माळा, मीटरचं रीडिंग. भाडेकरूने तिथेच बोलायचं, ‘काका, बेडरूमच्या छतावर हा पिवळा डाग आधीपासून आहे, लिहून घेऊया.’ काकांनी तोंड वाकडं केलं तरी चालेल. तीच यादी दोघांच्या सहीने किंवा निदान एकमेकांना मेलने पाठवून ठेवायची.

करार नोंदवलेला हवा, हे वेगळं सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणीचे काही हजार वाचवणारा मालक दोन लाखांचा वाद हरू शकतो.

मालकाने नजर ठेवायची तरी कशी

मुंबई पोलिस भाडेकरूची माहिती कळवण्याचे आदेश वेळोवेळी काढतात आणि ती ऑनलाइन भरता येते. ती भरा, पावती जपा. एनडीपीएसच्या कलम २५ चा विषय निघाला तर तुम्ही काहीही लपवलं नव्हतं, याचा तो कागद आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८ मालकाला घर पाहण्याचा हक्क देतं, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. डुप्लिकेट चावीने भाडेकरू ऑफिसला गेला असताना आत शिरणं त्यात बसत नाही. भाडेकरूची लघवी तपासायची मागणी तर विसराच. घरमालकाला तसा अधिकार कुठल्याही कायद्याने दिलेला नाही.

मला खटकतं ते पुढचं. ड्रग्जच्या बातमीनंतर ‘बॅचलर नको’, ‘मुली एकट्या नकोत’, ‘अमुक राज्यातली पोरं नकोत’ अशा पाट्या पडतात. पकडले गेलेले सगळे बॅचलर असतात असं नाही, आणि सोवळं ओवळं पाळणाऱ्या घरातला मुलगाही एमडीत सापडू शकतो. लग्नाचा दाखला बघून ड्रग्जचा अंदाज बांधणं हा आळशीपणा आहे.

सोसायटी काय करू शकते

कमी. सोसायटी पोलिसांना कळवू शकते, मालकाला लेखी पत्र देऊ शकते, सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवू शकते. भाडेकरूचं सामान जिन्यात फेकणं, पाणी तोडणं, लिफ्ट बंद करणं हे तिचं काम नाही. भाडेकरूचं पाणी किंवा वीज सबळ कारणाशिवाय तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने मालकालाही बंदी आहे. खऱ्या भाडेपट्ट्यात जागेचा बेकायदा वापर केल्याबद्दल भाडेकरूला शिक्षा झाली असेल, किंवा त्याचा शेजाऱ्यांना उपद्रव होत असेल, तर कलम १६ खाली ताबा मागता येतो, पण तो न्यायालयातून. लायसन्सची मुदत संपूनही कुणी बसून राहिलं तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं. तिथे दुप्पट दराने भरपाईची तरतूद आहे.

रूममेटने केलं तर बाकीच्यांचं काय

अंधेरीला चार मुलं एका फ्लॅटमध्ये, करारावर दोघांची नावं. एकाच्या बॅगेत पुडी सापडली. बाकीचे तिघे आपोआप गुन्हेगार ठरत नाहीत. पण एनडीपीएसच्या कलम २५ मध्ये ‘ज्याच्या ताब्यात वा वापरात घर आहे’ असाही माणूस येतो, म्हणून ‘मला माहीत होतं पण मी काय करणार’ हा युक्तिवाद धोक्याचा आहे. डिपॉझिटच्या बाबतीत करारावर सही करणारे दोघे मालकाला बांधील, आणि इतर दोघांकडून वसुली ही त्यांची आपसातली बाब. भाड्याचा हिस्सा रोख न देता खात्यावर पाठवणं, कुठली खोली कुणाची हे मेसेजमध्ये तरी लिहिलेलं असणं, याचा अशा वेळी उपयोग होतो.

मित्र खरंच व्यसनात अडकला असेल तर त्याला आणि घरच्यांना एक गोष्ट माहीत असायला हवी. स्वतःच्या सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल खटला असेल आणि तो सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घेत असेल, तर एनडीपीएसच्या कलम ६४ ए खाली खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

साफ कसं करायचं

नुसत्या वापराचा संशय असेल तर खिडक्या उघडून डिटर्जंटच्या पाण्याने टाइल्स, दारं, काचा, भिंती दोनतीनदा पुसणं, एसी सर्व्हिस करून घेणं आणि पडदे धुणं एवढं बहुतेकदा पुरतं. गादी, गालिचा, सोफ्याचा स्पंज यांत मुरलेलं निघत नाही, ते टाकून देणं बरं. थेट रंग मारू नका. अंश रंगाखाली तसाच राहतो, आणि पुढे वर झिरपूही शकतो. आधी धुणं, मग रंग.

घरात रसायनांचे कॅन, काचेची नळकांडी, डोळे चुरचुरतील असा वास असेल, तर स्वतः झाडू घेऊन आत जाऊ नका. दिवा लावू नका, स्विच दाबू नका. बाहेर येऊन ११२ ला फोन करा. आग किंवा वायूचा संशय असेल तर १०१.

आणि रिकाम्या झालेल्या फ्लॅटमध्ये माळ्यावर पुडी सापडली तर? बहुतेक मालक ती फ्लशमध्ये टाकतात आणि हात झटकतात. पुढे त्या भाडेकरूवर चौकशी आली, तर तुम्ही पुरावा नष्ट केला असं दिसू शकतं. पुडी उचलू नका, उघडू नका. होती तिथे दुरून फोटो, सोबत एखादा शेजारी, आणि स्थानिक पोलिस ठाण्याला फोन. अंमली पदार्थांची माहिती देण्यासाठी केंद्राची १९३३ ही ‘मानस’ हेल्पलाइनही जुलै २०२४ पासून सुरू आहे. पोलिसांनी पंचनामा केला तर त्याची प्रत रीतसर अर्ज करून मागा. डिपॉझिटचा वाद न्यायालयात गेला, तर लॅबच्या कुठल्याही आकड्याआधी तिथे तारीख आणि सह्या असलेला तोच कागद विचारला जाईल.